जुनं युनिक्स, चालता कारखाना : धोका नक्की किती?

भोसरीकर७७ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. भोसरी एमआयडीसीतल्या एका मशीनिंग युनिटमध्ये मी स्टोअर्स आणि अकाउंट्स बघतो. कॉम्प्युटरचं काम कोणाच्याच नावावर नसल्यामुळे तेही फिरत फिरत माझ्याच टेबलावर येतं.

आमच्याकडे दोन म्हातारी मशिनं आहेत. एकावर एससीओ ओपनसर्व्हर ५.०.५ (पीसीवर चालणारी जुनी युनिक्स ऑपरेटिंग सिस्टिम) आणि त्यावर फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेसमधला जॉबवर्क-चलनांचा प्रोग्राम. शॉपफ्लोअरवरचे पीसी पुटी हा टर्मिनलचा प्रोग्राम उघडून टेलनेटने (दूरच्या मशीनवर लॉगिन करायची जुनी पद्धत) त्यात शिरतात. दुसऱ्यावर सेंटओएस ६ हे लिनक्स आणि सांबाचं (विंडोज पीसींना फाइली देणारा प्रोग्राम) शेअर, त्यात सगळी ड्रॉइंग्ज. दोन्ही एकाच स्विचवर. ऑफिसचं वायफाय आणि इंटरनेटचा राउटरही त्याच स्विचवर.

चाकणच्या एका ग्राहकाने व्हेंडर लोकांना सुरक्षेची प्रश्नावली पाठवली आहे. त्यात एक रकाना असा : 'सपोर्ट संपलेली ऑपरेटिंग सिस्टिम वापरात आहे का? असल्यास काय उपाय केले?' मालकांचं म्हणणं, "चालतंय ना? मग हात लावू नका. आणि असल्या जुनाट मशीनसाठी व्हायरस बनवत कोण बसलंय?"

पहिल्या वाक्याशी मी भांडत नाही, तो प्रोग्राम खरंच चालतो. दुसऱ्या वाक्यावर काय बोलावं? खरंच कोणी बनवत नसेल तर मीही गप्प बसतो.

---

कट्टेकरी

मालकांना शनिवार-सदाशिव-नारायण, तिन्ही पेठांचं मानद नागरिकत्व देण्यात यावं. बाकी जाणकारांच्या प्रतीक्षेत.

---

सीरियल_काका

मालकांचं अर्धं खरं आहे. ओपनसर्व्हरसाठी आज कोणी व्हायरस लिहीत नाही. पण जुन्या युनिक्सचं दुखणं व्हायरस हे कधी नव्हतंच. त्याचा स्वभाव शेजाऱ्यावर विश्वास ठेवण्याचा, दुखणं तिथे आहे.

सन कंपनीचं युनिक्स, सनओएस ४, बसवलं की सोबत एक फाइल यायची, 'होस्ट्स डॉट इक्विव्ह'. तिच्यात आधीच एक अधिक चिन्ह असायचं. अर्थ : नेटवर्कवरचं कुठलंही मशीन आपलंच समजा, तिथून त्याच नावाचा माणूस आला तर पासवर्ड विचारू नका. सिलिकॉन ग्राफिक्सच्या आयरिक्स युनिक्सवर प्रिंटरचं आणि पाहुण्याचं खातं बिनपासवर्डाचं मिळायचं. या चुका नव्हत्या बरं का, सोयी होत्या. विद्यापीठातल्या दहा-बारा मशिनांसाठी बनवलेल्या.

या सोयींची पहिली मोठी किंमत २ नोव्हेंबर १९८८ ला कळली. कॉर्नेलचा विद्यार्थी रॉबर्ट टॅपन मॉरिस याने सोडलेला वर्म (आपोआप एका मशीनमधून दुसऱ्यात पसरणारा प्रोग्राम) बर्कलेचं युनिक्स ४बीएसडी चालवणाऱ्या व्हॅक्स आणि सन-३ मशिनांत घुसला. वाटा कुठल्या? ईमेल पोचवणाऱ्या सेंडमेलमध्ये राहून गेलेला डीबग मोड, म्हणजे चाचणीपुरतं दार. दुसऱ्या मशीनवर आज्ञा चालवणाऱ्या आरएसएचचा तोच शेजारधर्म. सोपे पासवर्ड; त्यांच्यासाठी वर्मने ४३२ शब्दांची यादी बरोबर आणली होती. आणि चौथी वाट फिंगर सर्व्हर, म्हणजे मशीनवर कोण आहे ते सांगणारा प्रोग्राम. तो आलेली ओळ 'गेट्स' या सी फंक्शनने ५१२ बाइटच्या जागेत वाचायचा, आणि गेट्स जागा किती आहे हे विचारतच नाही. जास्त लांब ओळ पाठवली की ती स्टॅकवर सांडते, फंक्शनचा परतीचा पत्ता बदलते आणि प्रोग्राम आपल्या मनासारखा वळवता येतो. ही युक्ती व्हॅक्सवर चालली, सनवर प्रोग्राम नुसता कोसळायचा. गेट्सला सी भाषेच्या मानकातून बाहेर काढायला २०११ उजाडलं!

तुमच्या मशीनवर हाच दोष आहे असं म्हणत नाही. पण त्या पिढीचं सॉफ्टवेअर याच सवयींनी लिहिलेलं आहे, आणि त्यातली भोकं शोधायला आज कोणाला डोकं चालवावं लागत नाही. ती वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच जाहीर झाली आहेत, ती वापरून आत शिरणाऱ्या तयार प्रोग्रामांसकट.

---

मृण्मयी_कोथरूड

काका, या मॉरिसचे वडील एनएसए या अमेरिकन गुप्तहेर संस्थेत होते ना?

---

सीरियल_काका

होय. त्यांचंही नाव रॉबर्ट मॉरिस, आणि युनिक्सच्या पासवर्ड पद्धतीवरचा १९७९ चा प्रसिद्ध निबंध केन थॉम्पसनबरोबर त्यांनीच लिहिला. बापाने कुलूप बनवलं, मुलाने किल्ल्यांचा जुडगा. मुलाला तीन वर्षं प्रोबेशन, ४०० तास समाजसेवा आणि १०,०५० डॉलर दंड झाला. कार्नेगी मेलन विद्यापीठातली सर्ट ही सुरक्षेच्या घटना हाताळणारी संस्था त्या वर्मनंतरच उभी राहिली. अवांतर पुरे.

---

नळस्टॉप

थोडी काडी टाकतो. (हलके घ्या.)

गेल्या काही वर्षांतली मोठमोठी भोकं बघा. हार्टब्लीड, एप्रिल २०१४ : ओपनएसएसएल या सांकेतिकीकरणाच्या लायब्ररीच्या १.०.१ मध्ये होतं, जुन्या ०.९.८ मध्ये नव्हतं. म्हणजे सेंटओएस ५ वाले निवांत आणि नुकतेच ६.५ वर गेलेले सर्टिफिकेटं बदलत बसले. फाइली दाबून लहान करणाऱ्या एक्सझेडमध्ये मुद्दाम घातलेलं चोरदार (बॅकडोअर), मार्च २०२४ : फक्त ५.६.० आणि ५.६.१, म्हणजे अगदी ताजा माल घेणाऱ्यांनाच. रिग्रेशएच तर कहर. सेंटओएस ७ चा सपोर्ट ३० जून २०२४ ला संपला, १ जुलैला ओपनएसएसएच या सुरक्षित लॉगिनच्या प्रोग्राममधलं हे भोक जाहीर झालं, ते ८.५ पासून पुढच्या आवृत्त्यांत. सेंटओएस ७ मध्ये ७.४. सपोर्ट संपलेलं मशीन सुरक्षित आणि सपोर्टवालं उघडं!

नवीन कोड म्हणजे नवीन भोकं. जुनं निदान घासूनपुसून तरी झालेलं असतं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

---

कट्टेकरी

पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे.

---

पॅचवाली

नळस्टॉप, तुमचे तिन्ही दाखले बरोबर आहेत, पण वेचून आणलेत. मी हिंजवडीत हेच काम करते, त्यामुळे दुसरी बाजू मांडते. तीही धागाकर्त्याच्या सेंटओएस ६ चीच.

सेंटओएस ६ ३० नोव्हेंबर २०२० ला संपलं. दोन महिनेही झाले नव्हते, तोच २६ जानेवारी २०२१ ला सूडो या प्रोग्राममधलं बॅरन सॅमेडिट नावाचं भोक जाहीर झालं. मशीनवरचा कुठलाही साधा वापरकर्ता त्यातून रूट, म्हणजे मशीनचा सर्वेसर्वा, होतो. हे भोक जुलै २०११ पासून होतं आणि ६ मधल्या सूडोत आहे. पुढच्या जानेवारीत, २०२२ ला, परवानग्या तपासणाऱ्या पॉलकिटमधलं पीडब्ल्यूएनकिट आलं. तेही थेट रूट, मे २००९ पासून पडून असलेलं आणि ६ वर चालणारं. सेंटओएस ज्यावरून बनतं ते आरएचईएल विकणाऱ्या रेड हॅटने दोन्हींचे पॅच (दुरुस्त्या) पैसे भरणाऱ्या आरएचईएल ६ च्या ग्राहकांना दिले. सेंटओएसवाल्यांना प्रकल्पाकडून काहीच मिळालं नाही.

यात एक गंमतही आहे. सेंटओएस ५ मध्ये पीकेएक्झेक हा पॉलकिटमधला भोकाचा प्रोग्रामच नाही आणि सूडो भोक येण्याआधीचा, त्यामुळे त्या दोन्हींतून ५ सुटलं! म्हणजे 'जुनं वाईट, नवं चांगलं' अशी सरळ रेघ मारता येत नाही हे तुमचं म्हणणं मान्य. पण रोज एक नाणं उडवून आपण वाचलो का ते बघायचं, याला सुरक्षा म्हणत नाहीत. सपोर्टमधल्या मशीनवर भोक सापडलं की त्याच आठवड्यात बुजतं. तुमच्या मशीनवर सापडलं की ते तिथेच कायमचं राहतं, आणि त्याचा पत्ता सगळ्यांना माहीत असतो.

'घासूनपुसून' बद्दल म्हणाल तर घोस्टचं उदाहरण घ्या. लिनक्सच्या मूळ सी लायब्ररीतला (जीलिबसी) हा दोष २००० सालचा. मूळ प्रकल्पाने मे २०१३ मध्ये तो दुरुस्तही केला, पण साधा बग म्हणून. सुरक्षेचा प्रश्न आहे हे कोणाच्या लक्षात आलं नाही, म्हणून स्थिर म्हणवणाऱ्या वितरणांनी तो बदल उचललाच नाही. जानेवारी २०१५ ला बोंब झाली तेव्हा सेंटओएस ५, ६, ७ तिन्हींत भोक होतं. तुमच्या झाकल्या मुठीत काय आहे हे मूठ झाकणाऱ्यालाही माहीत नसतं.

---

नळस्टॉप

घोस्टचं माहीत नव्हतं. मुद्दा घेतला. तरी एससीओबद्दल माझं मत तेच : ते इतकं जुनं आहे की हल्ला करणाऱ्या पोराला लॉगिनचा प्रॉम्प्ट बघून घरी आजोबांना फोन करावा लागेल.

---

डेक्कन_जिमखाना

झाकल्या मुठीचं काय ते पुणेकरांनी २०१८ मध्ये पाहिलं आहे. कॉसमॉस बँक, ११ ते १३ ऑगस्ट, सुमारे ९४ कोटी. अनेक देशांतल्या एटीएममधून बनावट कार्डांनी पैसे काढले, वर स्विफ्ट या बँकाबँकांतल्या व्यवस्थेने हाँगकाँगला वेगळे पाठवले. आणि नंतर अमेरिकन सरकारने एटीएम लुटण्याच्या 'फास्टकॅश' पद्धतीचा जो इशारा काढला, त्यात बँकांच्या स्विच सर्व्हरवर (एटीएमचे व्यवहार पुढे पाठवणारं मशीन) सपोर्ट संपलेलं एआयएक्स, म्हणजे आयबीएमचं युनिक्स, होतं असं स्पष्ट लिहिलंय. घ्या, जुन्या युनिक्सचा पुरावा!

---

पॅचवाली

हा दाखला जपून वापरा. ऑक्टोबर २०१८ च्या त्या इशाऱ्यात कुठल्याही बँकेचं नाव नाही. सपोर्ट संपलेल्या एआयएक्सचा उल्लेख आहे, पण लगेच पुढे असंही आहे की एआयएक्समधलं भोक वापरून शिरल्याचा पुरावा मिळालेला नाही. ते लोक बँकेच्या नेटवर्कमध्ये आधीच शिरलेले होते. स्विचवर त्यांनी पैसे काढण्याच्या विनंत्या मधल्या मध्ये अडवून 'मंजूर' असं खोटं उत्तर पाठवणारा प्रोग्राम बसवला.

मला तर हे जास्त गंभीर वाटतं. आत आलेल्या माणसाला जुन्या मशीनवर कोणी अडवत नाही. नोंद ठेवणारं, ओरडणारं तिथे काही नसतं, कारण आजची टेहळणीची सॉफ्टवेअरं त्यावर बसतच नाहीत. भोसरीकर, तुमच्याकडे हेच तपासायचं. शॉपफ्लोअरच्या एखाद्या विंडोज पीसीवर कोणी वाईट अटॅचमेंट उघडलं तर तिथून ओपनसर्व्हरपर्यंत पोचायला मध्ये काय आहे? तुमच्या वर्णनावरून, काहीच नाही.

---

भोसरीकर७७

खरंय, काहीच नाही. वायफायचा पासवर्ड तर माल घेऊन येणाऱ्या टेम्पोवाल्यांनाही माहीत आहे. टेलनेटचा पासवर्ड तरी आडवा येईल ना? कंपनीचं नाव, मग अ‍ॅट द रेट, मग साल, असा चांगला लांबलचक आहे.

---

गणेशखिंड

टेलनेटवर तो पासवर्ड उघडाच जातो. त्याच नेटवर्कवर बसलेला कोणीही वाचू शकतो. फिनलंडमध्ये टाटू इलोनेनने १९९५ मध्ये एसएसएच (सगळं सांकेतिक करून पाठवणारं लॉगिन) लिहिलं ते त्याच्या विद्यापीठाच्या नेटवर्कवर असेच पासवर्ड चोरले गेले म्हणून.

लांबलचक असण्याचंही काही खरं नाही. पासवर्ड सांकेतिक करून ठेवायची युनिक्सची जुनी, डीईएसवरची क्रिप्ट पद्धत पासवर्डची पहिली आठच अक्षरं बघते, पुढचं सगळं वाऱ्यावर. तुमच्याकडे काय आहे ते एका मिनिटात कळेल : नववं अक्षर मुद्दाम वेगळं टाका आणि लॉगिन होतंय का बघा. झालं, तर तुमचं 'साल' शोभेपुरतं आहे.

आठ अक्षरं आज किती टिकतात? बर्कलेच्या जुन्या बीएसडीच्या सोर्समध्ये युनिक्सच्या जनकांच्या खात्यांची पासवर्ड फाइल तशीच राहून गेली होती. तेव्हा ती सगळ्यांना वाचता यायची, सांकेतिक पासवर्डसकट. लोकांनी एकेक फोडायला घेतले. डेनिस रिचीचा 'डीमॅक' लगेच निघाला. केन थॉम्पसनचा मात्र बरीच वर्षं कोणाला जमला नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये एकाने तो एका ग्राफिक कार्डावर चार-पाच दिवसांत फोडला. निघाली बुद्धिबळाची सुरुवातीची चाल, वजिरापुढचं प्यादं दोन घरं, जुन्या लेखनपद्धतीत आणि शेवटी उद्गारचिन्ह. थॉम्पसनने अभिनंदनही केलं. त्याच्याइतका विचार करून ठेवलेला पासवर्ड ज्या पद्धतीत चार-पाच दिवस टिकला, तिथे कंपनीचं नाव किती टिकेल?

---

मृण्मयी_कोथरूड

वजिरापुढचं प्यादं! या एका प्रतिसादासाठी वाचनखूण साठवली.

---

गणेशखिंड

टेलनेटचा विषय निघालाच आहे तर माझी आवडती गोष्ट. लॉगिन या प्रोग्रामला 'वजा एफ' असा एक पर्याय असतो : याची ओळख आधीच पटलेली आहे, पासवर्ड विचारू नको. १९९४ च्या सुमारास लक्षात आलं की एआयएक्सवर आरलॉगिन (टेलनेटसारखंच दूरचं लॉगिन) करताना नावाच्या जागी 'वजा एफ रूट' लिहिलं की ते नाव तसंच्या तसं लॉगिनकडे जातं, आणि लॉगिन त्याला पर्याय समजून दार उघडतं. गवगवा झाला, दुरुस्ती झाली. फेब्रुवारी २००७, सोलारिस १०, टेलनेट सर्व्हर : तेच भोक. जानेवारी २०२६, जीएनयू इनेटयूटिल्सचा टेलनेट सर्व्हर : पुन्हा तेच, या वेळी यूझर नावाच्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून. हे तिसरं २०१५ मध्ये कोडमध्ये आलं आणि दहा वर्षं कोणाला दिसलं नाही.

तेव्हा नळस्टॉप, आजोबांना फोन करायची गरज नाही. आजोबांच्या काळची युक्ती नातवाला तोंडपाठ आहे.

---

माजी_बँकवाला

नव्वदच्या दशकात मी एका सहकारी बँकेच्या शाखांमध्ये एससीओ युनिक्स बसवत फिरलो. सर्व्हरला मल्टिपोर्ट कार्ड, त्याला सीरियल वायरीने जोडलेली डंब टर्मिनलं. नेटवर्क कार्ड नाहीच. रूटचा पासवर्ड सगळ्या शाखांत एकच, आणि मॅनेजरच्या टेबलाच्या काचेखाली चिठ्ठी. तरी काही झालं नाही, कारण त्या मशीनपर्यंत पोचायला शटर उघडून आत यावं लागायचं. पुढे शाखा जोडायच्या ठरल्या तेव्हा त्याच मशिनांत नेटवर्क कार्ड खोचलं आणि बाकी सगळं होतं तसंच ठेवलं. चिठ्ठीसुद्धा.

भोसरीकर, तुमचं ५.०.५ सुद्धा कधीतरी टर्मिनलांवरच चालत असणार. नेटवर्क कोणीतरी नंतर दिलेलं आहे. ते काढून घेता येईल का, एवढंच बघा.

---

पॅचवाली

+१. पॅच नसलेल्या मशीनला पॅच शोधू नका, त्याच्यापर्यंत पोचणारी माणसं कमी करा. मी असं करेन :

एक साधा पीसी घ्या, दोन नेटवर्क कार्डांचा. त्यावर सपोर्टमधलं लिनक्स, उदाहरणार्थ अल्मालिनक्स ९, त्याला २०३२ पर्यंत अपडेट मिळतात. एससीओची वायर स्विचमधून काढून थेट या पीसीच्या दुसऱ्या कार्डात. राउटिंग बंद. शॉपफ्लोअरवाले पुटीमधूनच, पण एसएसएचने या पीसीवर येतील, आणि लॉगिन झाल्या झाल्या तो त्यांना आपोआप पलीकडे टेलनेट करून देईल. प्रत्येकाला वेगळं खातं. ऑपरेटरला एक पासवर्ड जास्त टाकावा लागेल, बाकी स्क्रीन तीच.

एससीओवर नेटवर्कच्या सेवा सुरू करणाऱ्या इनेटडीची कॉन्फिग फाइल उघडा. टेलनेट सोडून फिंगर, आरएसएच, आरलॉगिन, रेक्झेक, टीएफटीपी, एको, चार्जेन या सगळ्यांच्या पुढे हॅश लावा आणि इनेटडीला हँगअपचा सिग्नल द्या. एससीओच्या नोंदी (सिसलॉग) त्या मधल्या लिनक्स पीसीकडे पाठवा. आपल्या सरकारच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे लॉग १८० दिवस ठेवायचे आणि घटना कळल्यापासून सहा तासांत कळवायची आहे. ओपनसर्व्हरच्या डिस्कवर एवढे लॉग मावायचे नाहीत.

सेंटओएस ६ ला मात्र दयामाया नको. ड्रॉइंग्ज नव्या मशीनवर हलवा, ते बंद करा. त्यातला सांबा ३.६ मूळ सेटिंगवर एसएमबी१ ही फाइल शेअर करायची जुनी भाषा बोलतो. विंडोज १० मध्ये २०१७ नंतर ते आपसूक येत नाही, म्हणजे तुमच्या पीसींवर कोणीतरी ते मुद्दाम चालू केलेलं असण्याची दाट शक्यता आहे. मे २०१७ चा वॉनाक्राय हा खंडणीखोर वर्म याच एसएमबी१ वरून पसरला. म्हातारं मशीन स्वतः पडेल तेव्हा पडेल, पण त्याच्याशी बोलता यावं म्हणून तुम्ही तरुण मशिनांची दारं उघडून ठेवली आहेत. मालकांना सांगायचं असेल तर हे सांगा.

---

सीरियल_काका

सगळं पटलं. पण त्याआधी त्या एससीओच्या डिस्कची पूर्ण प्रत काढा. लिनक्सच्या बूट सीडीवरून, डीडी या आज्ञेने, दुसऱ्या डिस्कवर. हॅकर यायच्या आधी ती आयडीई डिस्क जाईल असा माझा अंदाज आहे, आणि मग कसला प्रोग्राम नि कसली चलनं. प्रत हातात असली की ती व्हर्च्युअल मशीनवर उठते का तेही निवांत करून बघता येईल. ५.०.७ ची व्हीएमवेअरसाठीची खास आवृत्ती निघाली होती, लायसन्सचं झिनुओसला विचारा, एससीओचा वारसा आता त्यांच्याकडे आहे.

---

भोसरीकर७७

सर्वांचे आभार. मालकांशी बोललो. वॉनाक्रायने ते हलले नाहीत, पण डिस्क जाईल म्हटल्यावर चष्मा काढून ठेवला. येत्या साप्ताहिक सुट्टीला डीडी. दोन कार्डांचा पीसी मंजूर, सेंटओएस ६ महिनाअखेर बंद. नववं अक्षर चुकवून बघितलं. शिरलो आत.

दोन शंका. एससीओच्या सीरियल पोर्टला एक बारकोड प्रिंटर आहे, त्याचं काय? आणि फॉर्मच्या रकान्यात 'हो' लिहायचं की 'नाही'?

---

माजी_बँकवाला

सीरियलवर आहे तोवर प्रिंटरला हात लावू नका, तो कोणाशी बोलत नाही.

---

पॅचवाली

'हो' लिहा. पुढे : "एक मशीन, स्वतंत्र वायरवर, इंटरनेट नाही, प्रवेश फक्त मधल्या सर्व्हरमार्फत, व्यक्तिगत खात्यांनी, लॉग बाहेर साठवले जातात, पूर्ण बॅकअप तारीख अमुक." तारीख डीडी झाल्यावरच टाका. ऑडिटर बॅकअप उठवून दाखवा म्हणतात, तेव्हा प्रत काढली की दुसऱ्या डिस्कवरून एकदा बूट करून बघा.